नागपूरहून विमानप्रवास: मैल कोणत्या खात्यात टाकावेत?

संत्राबाग_वरुड

नमस्कार मंडळी. मी वरुड तालुक्यातला. शाळेतून निवृत्त झालो, आता संत्र्याची बाग बघतो. मुलगा शिकागोजवळ असतो, मुलगी हैदराबादला. त्यामुळे आम्हा दोघांचं एक-दोन वर्षांआड अमेरिकेला आणि मध्ये मध्ये हैदराबादला जाणं होतं. अमेरिकेला कधी नागपूर-दोहा करून कतार एअरवेजने, कधी दिल्लीवरून एअर इंडियाने. ज्याचं भाडं कमी त्याचं तिकीट. हैदराबादला इंडिगो.

तिकीट काढताना 'फ्रिक्वेंट फ्लायर नंबर' असा एक रकाना येतो. त्यात खात्याचा नंबर टाकला की प्रवासाचे पॉइंट, म्हणजे 'मैल', जमा होतात आणि पुढे त्यांवर तिकीट निघतं, म्हणे. आमचा एजंट तो कोरा सोडतो. "काका, त्यात काही दम नाही," म्हणतो. मुलगा म्हणतो, सगळं युनायटेडच्या खात्यात टाका. शारजाचा भाचा म्हणतो, कतारचं खातं काढा. जावईबापू इंडिगोच्या ब्लूचिप खात्याचे. घरात तीन मतं आणि मैल शून्य.

आमच्यासारख्या क्वचित उडणाऱ्यांनी नेमकं काय करावं? दर आठवड्याला विमानात बसणाऱ्यांचे हिशेब आम्हाला लागू होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

वऱ्हाडी_ठेचा

गुरुजी, कायले डोक्याले ताप करून घेता? आपली एसटी पाहा. पासष्ट झाले का हाफ तिकीट, पंच्याहत्तर झाले का फुकट. ना नंबर, ना मैल. आधार दाखवा अन् बसा.

(धागा वाचून राह्यलो पण. मले बी पोरगा दुबईले बोलावून राह्यला.)

मैलमजूर

गुरुजी, मी मूळ दारव्ह्याचा, नोकरी बंगळुरात. कामामुळे उडणं भरपूर होतं, पण माझ्या आईबाबांची खाती मीच सांभाळतो आणि त्यांचा प्रवास तुमच्यासारखाच आहे. त्यांच्या अंगाने सांगतो.

एका उड्डाणाचे मैल एकाच खात्यात जमा होतात. दोन खात्यांत वाटता येत नाहीत. पण ते खातं त्याच विमान कंपनीचं असावं लागतं असंही नाही, आणि तुमच्या मुलाचं म्हणणं इथूनच येतं. विमान कंपन्यांचे तीन मोठे गट आहेत: स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००). एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टारमध्ये आहे. त्याच गटात युनायटेड, लुफ्थान्सा, सिंगापूर, टर्किश, एअर कॅनडा. कतार ऑक्टोबर २०१३ पासून वनवर्ल्डमध्ये, सोबत ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन एअरलाइन्स. इंडिगो यांपैकी कोणत्याच गटात नाही. एमिरेट्स आणि एतिहादही नाहीत.

म्हणजे एअर इंडियाने गेलात तर मैल युनायटेडमध्ये जाऊ शकतात. कतारने गेलात तर ते युनायटेडमध्ये जाणार नाहीत, गट वेगळा. त्यामुळे 'सगळं युनायटेडमध्ये टाका' हे मुलाचं वाक्य अर्धंच खरं आहे. युनायटेड आणि कतार दोन्ही अमेरिकेला जातात म्हणून तो गोंधळ होतो.

तुम्हाला दोन खाती लागतील, एक स्टारसाठी, एक वनवर्ल्डसाठी. इंडिगोचं ब्लूचिप तिसरं. ते फुकट आहे, हैदराबादच्या फेरीत नंबर टाकून द्या आणि विसरून जा. यापेक्षा जास्त खाती काढू नका. चार वावरांत तास तास पाणी सोडलं तर एकही वावर ओलत नाही.

आता दोन वर्षांआड प्रवास करणाऱ्याने सगळ्यात आधी काय बघावं, तर मैल मरतात कधी. किती मिळतात ते नंतर. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये मैल मिळाल्यापासून तीन वर्षांनी जातात, तुम्ही मधे कितीही उडा. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्येही साधारण तीन वर्षं, तुमच्या जन्ममहिन्याच्या हिशेबाने. लुफ्थान्साच्या माइल्स अँड मोअरमध्ये दर्जा (वरचेवर उडणाऱ्यांना मिळतं ते गोल्डसारखं कार्ड) नसलेल्यांना ३६ महिने. एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये १८ महिने खात्यात काहीच हालचाल नसली की खेळ खलास. अमेरिकन एअरलाइन्समध्ये तसेच २४ महिने.

याउलट युनायटेडने ऑगस्ट २०१९ पासून मुदतच काढून टाकली. आणि कतारच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये मार्च २०२२ पासून 'एव्हिओस' नावाचे पॉइंट आहेत. ३६ महिन्यांत एकदा तरी कमावले किंवा खर्च केले की सगळे जिवंत राहतात. दोन वर्षांआड जाणाऱ्याला हे दोन्ही झेपतात.

म्हणून माझं उत्तर: कतारचे मैल कतारमध्ये, एअर इंडियाचे युनायटेडमध्ये. एजंटला सांगा, रकाना कोरा ठेवायचा नाही. त्याला काही पैसे पडत नाहीत.

कापूसकोंड्या

मैलमजूरभाऊ, माहिती झकास. पण एजंट म्हणतो ते सपशेल खोटं आहे का? हिशेब मांडून दाखवा. नागपूर ते शिकागो जाऊन-येऊन किती मैल? आणि त्यात मिळतं काय?

मला तर या सगळ्याचा उलटा त्रास दिसतो. लोक मैलांसाठी पाच-सात हजार जास्त देऊन महागडं तिकीट घेतात. ते पैसे बँकेत ठेवले तर काय वाईट? आणि कंपनी बुडाली की मैलही बुडतात. किंगफिशर २०१२ साली जमिनीवर आली तेव्हा किंग क्लबचे पॉइंट लोकांनी काय लोणच्यात घातले?

मैलमजूर

@कापूसकोंड्या, हिशेब घ्या. नागपूर-दोहा विमानाच्या वाटेने साधारण १,७५० मैल, दोहा-शिकागो ७,१०० च्या आसपास. जाऊन-येऊन झाले १७,७०० मैल. पण तेवढे जमा होतीलच असं नाही. तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं, बुकिंग क्लास. त्यावरून ठरतं की अंतराच्या शंभर टक्के मिळणार, पन्नास, पंचवीस की काहीच नाही. समजा पन्नास टक्क्यांचं तिकीट आहे, तर माणशी ८,८५०. पंचवीस टक्क्यांचं असेल तर ४,४०० च्या वर थोडे. एका खेपेत फुकट अमेरिका मिळत नाही, तसं सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. तीन-चार खेपांत दोघांचं मिळून एखादं जवळचं तिकीट निघतं, आणि त्यावरही कर रोख भरावे लागतात.

जास्त पैसे देऊन मैल घेऊ नयेत, इथे मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण तिकीट तर काढणारच आहात. मग जे आपोआप मिळतं ते सोडायचं कशाला?

बुडण्याबद्दल. किंगफिशरचं खरं आहे. पण जेटचं बघा. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तरी जेटप्रिव्हिलेज, म्हणजे तिची मैलांची योजना, लगेच मेलं नाही. ती वेगळी कंपनी होती, त्यात एतिहादचा ५०.१ टक्के हिस्सा होता. तेच पुढे इंटरमाइल्स नावाने चाललं. विस्ताराचं तर आणखी सरळ. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब खात्यात आले. बुडतातच असं नाही, पण साठवून ठेवू नये एवढा धडा घ्यायचा. पुरेसे झाले की वापरा.

अंबानगरी

आमच्या बेलोऱ्याचं कोणी बोलतच नाही! १६ एप्रिल २०२५ ला अमरावती विमानतळाचं उद्घाटन झालं, मुंबईचं विमान सुरू झालं. गुरुजी, वरुडहून तुम्हाला बेलोरा काही लांब नाही. अमरावती-मुंबई अलायन्स एअरने जायचं आणि पुढे एअर इंडिया पकडायची. अलायन्स एअरचे मैलही एअर इंडियातच जातील ना? एकाच घरच्या.

मैलमजूर

@अंबानगरी, एका घरच्या होत्या, आता नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. बेलोऱ्याचं ते एटीआर विमान एअर इंडियाचं नाही, त्याचे मैल महाराजा क्लबमध्ये धरून चालू नका. तसंच एअर इंडिया एक्स्प्रेस टाटांचीच, पण स्टार अलायन्सची सदस्य नाही. नावात 'एअर इंडिया' दिसलं म्हणून फसायचं नाही.

मैलांपेक्षा मोठी गोष्ट: अमरावती-मुंबई वेगळं तिकीट आणि मुंबई-अमेरिका वेगळं तिकीट असेल, तर मुंबईत सामान बाहेर घेऊन पुन्हा द्यावं लागेल. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. पंचाहत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाने हा खेळ करू नये. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, नागपूरहून जा.

पांढरकवडेकर

इथे सगळे नागपूर-नागपूर करत आहेत म्हणून दक्षिण टोकाचा सूर लावतो. आम्हाला एनएच ४४ धरला की हैदराबाद. आदिलाबादच्या पुढे रस्ता चांगला, रात्री निघालं की पहाटे शमशाबादचा विमानतळ. तिथे एमिरेट्स, कतार, सिंगापूर, ब्रिटिश एअरवेज, लुफ्थान्सा सगळं आहे. नागपूरहून परदेशी जायला दोहा आणि शारजा. शारजाची एअर अरेबिया स्वस्त आहे, पण ती गटाबिटात नाही.

त्यामुळे खातं कोणतं काढायचं हे आधी कोणत्या विमानतळावरून जाता त्यावर ठरतं. मेहकर-सिंदखेडराजावाले समृद्धीवरून मुंबई गाठतात, त्यांचं गणित अजून वेगळं. गोंदियावाल्यांना बिरसी विमानतळाहून इंडिगोने हैदराबाद. वरुडच्या माणसाने हैदराबादच्या माणसाचं खातं काढू नये.

माझा अनुभव सांगतो. दोन्ही मुलांकडे जाताना एका परदेशी कंपनीचे मैल साठवले, तीन वर्षांच्या मुदतीवाले. मध्ये घरात दुखणं निघालं, जाणं झालं नाही. तारीख उलटली, खात्यात भोपळा. त्यांनी आधी ईमेल पाठवला होता, पण तो गेला एजंटच्या ईमेलवर! खातं एजंटने काढून दिलेलं, त्यात मोबाइलही त्याचाच. तेव्हा गुरुजी, खातं काढा ते स्वतःच्या ईमेलवर. एजंटच्या नाही, जावयाच्याही नाही.

पॉइंटपंडित

सगळे जुन्या जमान्यात आहात. आजकाल उडून मैल कोण कमावतं? चांगलं क्रेडिट कार्ड घ्या, किराणा, पेट्रोल, विमा सगळं त्यावर करा, पॉइंट थेट कंपनीच्या खात्यात वळवा. वर्षाला बिझनेस क्लास.

वऱ्हाडी_ठेचा

पंडितजी, आमच्या बँकेत किसान क्रेडिट कार्ड भेटते. त्याच्यावर मैल भेटते का पाहून सांगजा. भेटत असन तं या खरिपात आमी लंडनले जाऊन येऊ.

कापूसकोंड्या

😂 आणि गावच्या किराणा दुकानात 'कार्ड चालेल का' विचारलं तर तो माणूस फोनपेचा कागद दाखवतो. पंडितजी, शहरात तुमचं खरं असेल. इथे धाग्याचा विषय वेगळा आहे, कार्डावर वेगळा धागा काढा, मी येऊन भांडेन.

सुमन_मेहकर

सगळे बाप्ये मैल मोजून राहिले, पण खातं जिथे अडतं ते कोणी बोललं नाही. नाव!

विमान कंपनीच्या खात्यातलं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही तर मैल चढत नाहीत. पुरुषांचं एक वेळ जमतं. बायकांचं ऐका. माझ्या सासूबाईंच्या पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरी, सगळं नाव 'गिव्हन नेम'मध्ये. अमेरिकेच्या व्हिसावर ते सगळं नाव आडनावाच्या जागी गेलं आणि पहिल्या नावात 'एफएनयू' आलं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. तिकीट कोण काढतं त्यावर नाव वेगळं: एकदा एफएनयू, एकदा तेच नाव दोन्ही रकान्यांत. खातं मुलाने साध्या घरच्या नावाने काढलेलं. एका कंपनीने तर एका बाजूचे मैल दिले आणि परतीचे नाही!

माझं स्वतःचं: आधार नवऱ्याच्या आडनावाचं, जुना पासपोर्ट माहेरच्या नावाचा. लग्नानंतर नूतनीकरण केलं तेव्हा दोन्ही एक झाले. त्याआधी खातं काढलं असतं तर पुन्हा बदलण्यासाठी कागद पाठवत बसावं लागलं असतं.

म्हणून गुरुजी, काकूंचं खातं काढताना समोर पासपोर्ट ठेवा. 'गिव्हन नेम'मध्ये काकूंचं नाव आणि तुमचं नाव असं दोन्ही असेल तर खात्यातही दोन्ही. स्पेलिंग अक्षरन् अक्षर तेच. 'देशमुख' कुठे एका एच-ने, कुठे दोन, ते चालत नाही. नंतर बोर्डिंग पास हातात आला की नावाच्या आसपास बारीक अक्षरांत खात्याचा नंबर छापलेला असतो तो बघा. नसेल तर तिथेच काउंटरवरच्या मुलीला सांगा, ती टाकून देते. विमानात बसल्यावर नंतर फॉर्म भरत बसण्यापेक्षा ते सोपं.

संत्राबाग_वरुड

सुमनताई, हे फार उपयोगी. आमच्या हिच्या पासपोर्टवर माझंही नाव मध्ये आहे, आणि एजंट तिकिटावर कधी टाकतो, कधी नाही. विचारायला हवं.

मैलमजूर, दोन शंका. एक, तिकिटाचे पैसे मुलगा त्याच्या कार्डाने भरतो. मैल त्याला मिळतात की आम्हाला? दोन, एअर इंडियाचे युनायटेडमध्येच का, महाराजा क्लबमध्ये का नाही? घरची कंपनी आहे.

मैलमजूर

मैल बसणाऱ्याला मिळतात, पैसे भरणाऱ्याला नाही. कार्डाचे पॉइंट मुलाला, ते वेगळे. आणि तुम्हा दोघांची दोन स्वतंत्र खाती लागतील. काकूंचे मैल तुमच्या खात्यात चढत नाहीत.

महाराजा क्लबचं सांगतो. पूर्वीचं फ्लाइंग रिटर्न्स. २०२४ मध्ये त्यांनी पद्धत बदलली, आता पॉइंट अंतरावर नाही, तुम्ही खर्च केलेल्या रुपयांवर. युनायटेडमध्ये मात्र एअर इंडियाने काढून दिलेल्या तिकिटाचे मैल अंतर आणि बुकिंग क्लासवर मोजतात. त्यामुळे ठोकळ नियम असा बसतो: लांबचा पल्ला आणि स्वस्तात मिळालेलं तिकीट, तर अंतर मोजणारं खातं बरं. जवळचा पल्ला आणि महागडं तिकीट (दिवाळीला नागपूर-मुंबईचं काय होतं ते माहीत आहेच), तर रुपये मोजणारं बरं. नागपूर-मुंबई हवेतून सव्वाचारशे मैलांच्या आसपास. त्यावर अंतराने मैल घेऊन काय होणार?

तुम्ही दिल्लीवरून शिकागो जाता आणि तिकीट स्वस्तातलं बघता, म्हणून युनायटेड म्हटलं. पण एक पथ्य: एकदम तळाच्या बुकिंग क्लासला भागीदार कंपनी काहीच देत नाही असंही असतं. तिकीट काढायच्या आधी 'व्हेअर टू क्रेडिट' नावाच्या संकेतस्थळावर विमान कंपनी आणि ते अक्षर टाका. कोणत्या खात्यात किती टक्के ते दिसतं. शेवटचा शब्द मात्र त्या-त्या कंपनीच्या पानावरचा.

युनायटेडचा आणखी एक फायदा, तो तुमच्या मुलाला. त्याचे मैल असले तर तो तुमच्यासाठी एअर इंडियाचं तिकीट काढू शकतो, तुमचे असले तर तुम्ही नातवासाठी. मैल दुसऱ्यासाठी वापरता येतात, जमा मात्र बसणाऱ्यालाच.

पांढरकवडेकर

मैलमजूरशी थोडा वाद घालतो. ज्याला मुंबई-दिल्ली वरचेवर लागतं, त्याने महाराजा क्लबच धरावं. दर्जा वाढला की सामान वाढतं. आपल्या लोकांना फुकट तिकिटापेक्षा सामान महत्त्वाचं. पापड, कुरड्या, सरगुंडे, तिखट, गावरानी तूप... आणि परत येताना चॉकलेटं. स्टार गोल्ड असला की स्टारच्या विमानांवर वजनाच्या हिशेबात २० किलो जास्त किंवा एक बॅग जास्त मिळते.

मैलमजूर

बरोबर आहे, पण गोल्ड होण्याइतकं उडणं गुरुजींना दोन वर्षांआडच्या एका खेपेत होत नाही. दर्जासाठी साधारण वर्षाच्या मापाने मोजतात आणि मग पाटी कोरी. म्हणून त्यांच्यासाठी दर्जाचा विषयच सोडला. तुमच्यासारख्या हैदराबादवाल्यांना, वर्षातून तीनदा जाणाऱ्यांना तो लागू.

शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी मात्र एक सांगतो, कारण या धाग्यावर वर्ध्या-यवतमाळचे पालक असतीलच. कतारचा विद्यार्थ्यांसाठी वेगळा स्टुडंट क्लब आहे, भाड्यात सवलत आणि जादा सामान मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्या पोराला मैलांपेक्षा ती जादा बॅग कामाची.

सुमन_मेहकर

आणि व्हीलचेअर! कोणीतरी आमच्या शेजारच्या आजींना सांगितलं, गोल्ड कार्ड असेल तरच व्हीलचेअर. साफ खोटं. तिकीट काढताना मागितली की मिळते, पैसे नाहीत, कार्ड नाही. दोह्यासारख्या मोठ्या विमानतळावर आजी-आजोबा एकटे जात असतील तर मागाच.

बाळापूरकर

सलाम मंडळी. अब्बा-अम्मी उमराहला जाणार आहेत, टूरवाल्याच्या ग्रुपमध्ये. मुंबईहून जेद्दा, सौदिया एअरलाइन्स. त्यांना मैल मिळतील का? सौदिया कोणत्या गटात?

मैलमजूर

वालेकुम सलाम. सौदिया स्कायटीममध्ये, २०१२ पासून. त्यांचं स्वतःचं खातं अल्फुरसान. पण ग्रुपच्या तिकिटांचे मैल बहुतेक वेळा मिळत नाहीत. टूरवाला एकगठ्ठा जागा घेतो, त्यांचा बुकिंग क्लासच मैल न देणारा असतो. टूरवाल्याला ते अक्षर विचारा, तो सांगेल. नागपूरहून हज कमिटीची विमानं जातात त्यांचंही सहसा तसंच, ती हजसाठी ठरवून घेतलेली असतात. एका प्रवासासाठी नवीन खातं काढण्याचा खटाटोप करू नका. अब्बा पुन्हा जाणार असतील तर गोष्ट वेगळी.

बाळापूरकर

समजलं. ग्रुपचंच आहे, सोडून देतो. शुक्रिया.

कापूसकोंड्या

मैलमजूर, मी हट्ट सोडत नाही, पण अर्धं मान्य: रकाना कोरा सोडायचा नाही, आणि मैलांसाठी एक रुपया जास्त द्यायचा नाही. या दोन्हीत भांडण असेल तर रुपया जिंकला पाहिजे.

अंबानगरी

बेलोऱ्यालाही कधीतरी मोठं विमान लागेल. लिहून ठेवा.

संत्राबाग_वरुड

सगळ्यांचे आभार. आज मुलाशी बोललो. आम्हा दोघांची कतारमध्ये आणि युनायटेडमध्ये अशी खाती माझ्या आणि हिच्या वेगवेगळ्या ईमेलवर काढली. पासपोर्ट समोर ठेवून, मधल्या नावासकट. ब्लूचिप मुलगी काढून देते म्हणाली. एजंटला नंबर व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्याचं उत्तर, "काका, आता तुम्हीच एजंट व्हा."

एक शेवटचं. मार्चमध्ये कतारने परत आलो, तेव्हा रकाना कोराच होता. ते मैल आता मिळतील का? बोर्डिंग पास हिने पर्समध्ये ठेवले होते, पण छपाई इतकी उडालीय की नाव जेमतेम वाचता येतं.

मैलमजूर

तो थर्मल कागद, आपल्या उन्हाळ्यात उडणारच. पुढच्या वेळी विमानातून उतरल्यावर मोबाइलने फोटो काढून ठेवा.

मागचे मैल मागता येतात, बहुतेक ठिकाणी प्रवासानंतर सहा महिन्यांच्या आसपास मुदत असते. खातं काढायच्या आधीचा प्रवास धरतात की नाही हे कंपनीगणिक बदलतं, पण मागून बघायला पैसे पडत नाहीत. कतारच्या संकेतस्थळावर खात्यात शिरा, 'मिसिंग एव्हिओस'सारखा पर्याय शोधा. बोर्डिंग पास वाचता येत नसला तरी तिकीट नंबर ईमेलमध्ये असतो, एजंटने पाठवलेल्या ई-तिकिटावर. १३ आकडी, कतारचा १५७ ने सुरू होतो, एअर इंडियाचा ०९८ ने. तो टाका, सहा अक्षरांचा पीएनआर नाही. दोघांचे तिकीट नंबर वेगळे असतात, काकूंचा काकूंच्या खात्यातून टाका.